खाड्याचे पैसे न कापण्याचा रतीब

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली आहे. मुरबाडकडचा एक शेतकरी गट दिवाळीनंतर दर शनिवारी, रासायनिक खत-औषध न मारलेली भाजी गेटपाशी आणून देणार आहे. पण पूर्ण हंगामाचे पैसे दसऱ्यापर्यंत एकरकमी भरायचे, आणि कुठली भाजी यायची हे आपण सांगायचं नाही. खाली बारीक अक्षरात असंही आहे की पीक गेलं तर पैसे परत मिळणार नाहीत. सासूबाई म्हणतात, ‘मी आयुष्यभर भाजी हातात घेऊन पाहिली, तोलून घेतली आणि मग पैसे दिले. हा उलटा व्यवहार कसला?’ मला उत्सुकता आहे, पण त्यांना द्यायला उत्तर नाही. खरंच उलटा आहे का हा व्यवहार?
— एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : उलटा आहे, आणि मुद्दाम उलटा केलेला आहे. सासूबाईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे, म्हणून त्यांच्याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

भाजी निघायच्या आधी पैसे हातात येणं ही गोष्ट शेतकऱ्याला नवी नाही. तिला ‘उचल’ म्हणतात. बियाणं, शेणखत, मांडवाचे बांबू, मजुरी, पंपाचं बिल हा खर्च आधी होतो आणि माल दोन-तीन महिन्यांनी निघतो. मधले महिने कुणाच्या तरी पैशावर काढावे लागतात. पुष्कळदा ते पैसे अडत्या देतो, नाहीतर गावातला कुणी पैसेवाला. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर घालायचा आणि त्या दिवशी जो भाव लागेल तो घ्यायचा. पाऊस लागून टोमॅटो कुजले तरी उचल डोक्यावर राहते आणि पुढच्या हंगामात वळती होते. तुमच्या फलकावरची नोटीस हीच उचल खाणाऱ्या घरांकडे मागते आहे. बदल दोनच आहेत. या उचलीवर व्याज नाही, आणि पीक गेलं तर ती फिटली असं धरायचं.

हा दुसरा बदल मान्य असेल तरच पुढे जा. आपल्या घरांना दुधाचा रतीब ठाऊक आहे. भय्या आला नाही की कॅलेंडरवर खाडा लिहायचा आणि महिन्याच्या शेवटी तेवढे पैसे कापायचे. हाही रतीबच आहे, फक्त यात खाड्याचे पैसे कापायचे नाहीत. त्या आठवड्यात जे नुकसान झालं ते तीस-चाळीस घरांत वाटून जातं. एका घराला त्याने फार तर एक भाजी बाजारातून आणावी लागते. तेच नुकसान एकट्या शेतकऱ्यावर पडलं तर त्याची पुढची पेरणी अडते. माझ्या मते या योजनेत भाजी ही दुय्यम गोष्ट आहे. तुम्ही हंगामातला एक वाटा घेत असता, त्यातल्या पावसासकट.

हा विचार बाहेरून आला असेल असं वाटतं, आणि काही अंशी ते खरं आहे. जपानमध्ये १९७१ साली तेरुओ इचिराकू या सहकार चळवळीतल्या कार्यकर्त्याने सेंद्रिय शेतीची संघटना उभी केली. मिनामाताच्या पाऱ्याच्या विषबाधेने तो देश आधीच हादरलेला होता. पुढे १९७४-७५ मध्ये सावाको आरियोशी या लेखिकेने कीटकनाशकं आणि प्रदूषणावरची लेखमाला मोठ्या दैनिकात चालवली आणि शहरातल्या गृहिणी खडबडून जाग्या झाल्या. त्यांनी गट करून थेट शेतकऱ्यांशी बोलणी केली. या नात्याला तिथे ‘तेइकेई’ म्हणतात, म्हणजे हातात हात घालून चालणं. १९७८ मध्ये त्यांनी या नात्याची दहा तत्त्वं लिहून काढली. त्यातलं एक असं की ठरवून पिकवलेला सगळा माल खाणाऱ्यांनी उचलायचा. त्याच वर्षी जिनिव्हातही असाच एक मळा सुरू झाला. १९८६ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत दोन शेतांनी हंगामाचे वाटे विकले आणि तिथून ‘कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर’, म्हणजे सीएसए, हे नाव जगभर गेलं.

आपल्याकडेही हे होऊन गेलं आहे. मुंबईत २०१० च्या सुमारास सेंद्रिय शेतकरी आणि ग्राहक यांच्या ‘मोफ्का’ या संघटनेने ‘हरी भरी टोकरी’ सुरू केली. हंगामाचे पैसे आधी, दर आठवड्याला ठरलेल्या ठिकाणी टोपली, आणि टोपलीत शेतावर जे निघेल ते. तुमच्या नोटिशीतल्या अटी बहुधा याच घराण्यातल्या आहेत.

आता सासूबाईंच्या मनात पुढचा प्रश्न येईल : दिवाळीनंतरच का, बारा महिने का नाही? याचं उत्तर आपल्या जिल्ह्याच्या मातीत आहे. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मुरबाड, शहापूर, कल्याण, अंबरनाथ तालुक्यांतली खाचरं तेव्हा भाताखाली असतात. पावसाळ्यात भाजी होते ती वरकस जमिनीवर मांडव घालून : शिराळी, पडवळ, कारली, काकडी. बाकीची भाजी डोंगर देतो. शेवळं, टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली घेऊन ठाकूर आणि कातकरी बायका कल्याण, टिटवाळा, बदलापूर स्टेशनबाहेर बसतात, ती हीच. आश्विन-कार्तिकात भात कापलं की खाचरं मोकळी होतात. ओल टिकून असते, तिच्यावर वाल आणि हरभरा पेरतात. विहीर किंवा ओढा जवळ असेल तर वाफे पाडून मुळा, माठ, मेथी, वांगी, टोमॅटो, दुधी, भेंडी, गवार लावतात. हा हंगाम फाल्गुनापर्यंत जोमात चालतो. मग पाणी आटतं.

पाणी आटण्याबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं. मुंबईला पोहोचणाऱ्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाचा आहे, तानसाही तिथलंच. तरी एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकर फिरतात. तुमच्या डोंबिवलीच्या नळाला येणारं पाणी उल्हास नदीचं, त्यात बारवी धरणातून सोडलेलं. आपण या तालुक्यांचं पाणी पिऊन मोठे झालो आणि तिथल्या भाजीला मात्र उन्हाळ्यात पाणी नाही. मार्चनंतर टोपली बंद होते याबद्दल मी कधी तक्रार करत नाही, ती या कारणासाठी.

मी स्वतः कल्याणला राहतो आणि चार हंगाम अशा एका शेताचा सभासद आहे. पहिली टोपली आली तेव्हा बायकोने ती ओट्यावर रिकामी केली. लाल माठाच्या दोन जुड्या, केळीच्या सोपटाने बांधलेल्या. पाच मुळे, पाल्यासकट, मुळांना काळी माती चिकटलेली. एक दुधी, एका बाजूने पांढुरका, जिथे तो जमिनीला टेकला होता. पाव किलो गवार, मिरच्या, आल्याचा तुकडा. माठाच्या पानांना भोकं होती आणि एका पानाखाली हिरवी अळी. टोमॅटो नव्हते, कांदा-बटाटा नव्हता. कांदा-बटाटा तिच्यात कधीच येणार नाही, कारण त्यांचा मुलूख घाटावर. आम्ही दोघं त्या ढिगाकडे पाहत राहिलो, कारण यातून आठवड्याचा स्वयंपाक कसा बसवायचा हेच कळेना. वाणसामानाच्या यादीप्रमाणे भाजी आणायची सवय मोडायला आम्हाला महिना लागला. आता टोपली पाहून आठवड्याचा बेत ठरतो. मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, मुळ्याची कोशिंबीर, मुळा जून झाला की डिंगऱ्या, दुधीच्या सालींची चटणी. ओल्या वालाच्या शेंगा आल्या की त्या आठवड्यात दुसरं काही लागत नाही.

तिसऱ्या हंगामात डिसेंबरच्या सुरुवातीला दोन रात्री अवकाळी पाऊस लागला. शनिवारी गेटपाशी टेम्पो आला तेव्हा टोपलीत मुळे आणि कोवळ्या चवळीची पानं, एवढंच होतं. शेतकऱ्याने मोबाइलवर फोटो दाखवला. टोमॅटोचा अख्खा वाफा करप्याने काळा पडलेला. त्याच्या चेहऱ्यावर पैसे परत मागतील की काय ही भीती स्पष्ट दिसत होती. कुणी मागितले नाहीत. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, पुढच्या वाफ्यात काय टाकलंय? मेथी, तो म्हणाला. तीन आठवड्यांनी मेथी इतकी आली की सगळ्या इमारतीत दोन दिवस ठेपल्यांचा वास होता. त्या डिसेंबरात त्याला कुणाकडे उचल मागायला जावं लागलं नाही. माझ्या वाट्याच्या पैशाचं मोल मला त्या दिवशी कळलं.

नदीकाठच्या शेतांची जोखीम आणखी मोठी असते. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, हे सगळ्यांना आठवतं. पाणी रुळांवर चढलं म्हणजे त्याच्या आधी खाचरांवरून गेलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला परतीचा पाऊस लांबला आणि कापून ठेवलेलं भात शेतातच भिजलं.

पैशाचा हिशेब तुमच्यासारख्या घराने जरूर करावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ग्राहक देतो त्या रुपयातले टोमॅटो पिकवणाऱ्याला ३३ पैसे, कांदेवाल्याला ३६ आणि बटाटेवाल्याला ३७ पैसे मिळतात. बाकीचे वाहतूक, हमाली, नासाडी आणि मधल्या हातांत जातात. टोपलीत हे मधले हात जवळजवळ नाहीसे होतात, पण गावातून टेम्पो आणणं, वजन करून वाटे लावणं हे काम शेतकऱ्याच्या अंगावर येतं आणि त्याचा खर्च धरावाच लागतो. आपण उदाहरणापुरतं धरून चालू : आठवड्याला पाच किलो भाजी, वीस आठवडे, दर आठवड्याचे ५०० रुपये. म्हणजे १०,००० रुपयांत शंभर किलो. पुलाखाली बसणाऱ्या भाजीवालीपेक्षा हे महाग पडेल, आणि मॉलमधल्या सेंद्रिय कोपऱ्यापेक्षा बहुतेक स्वस्त. चाळीस घरं झाली की शेतकऱ्याकडे दसऱ्याला चार लाख जमतात. त्यात त्याचा आणि घरच्यांचा कामाचा मोबदला किती धरलाय हे विचारायला संकोच करू नका. चांगला गट हा हिशेब कागदावर मांडून आपणहून दाखवतो. दाखवत नसेल तर मीही पैसे भरणार नाही.

हे कायदेशीर आहे का, अशी शंका काहींना येते. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, तेव्हापासून शेतकरी थेट तुमच्या दारात माल विकू शकतो. त्याच वर्षी पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने शहरांमध्ये शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. अरणच्या आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या संताचं नाव त्या बाजारांना फार शोभतं. टाळेबंदीत, २०२० च्या एप्रिलमध्ये वाशीची बाजार समिती काही दिवस बंद राहिली, तेव्हा शेतकऱ्यांचे टेम्पो आपल्या सोसायट्यांच्या गेटपर्यंत आले होते. बाजार उघडल्यावर त्यातले बहुतेक टेम्पो यायचे बंद झाले. लोक पुन्हा निवडून घ्यायला बाजारात गेले आणि शेतकऱ्याला शनिवारी किती गिऱ्हाईक येईल याचा भरवसा राहिला नाही. आगाऊ पैशांची अट हा भरवसा देण्यासाठी आहे.

‘औषध मारलेलं नाही हे कशावरून?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. केंद्र सरकारची पीजीएस-इंडिया ही प्रमाणनाची पद्धत २०११ पासून चालू आहे. तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो आणि एकमेकांची हमी घेतो. रसायनं सोडून नुकतेच वळलेले ‘पीजीएस-ग्रीन’ आणि पूर्ण वळलेले ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. सेंद्रिय अन्नाबद्दलच्या २०१७ च्या नियमांत, वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असलेल्या आणि थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. म्हणून कागद नाही एवढ्यावरून त्याला खोटा ठरवू नका. कागद असला तरी शेत पाहायला जाणं मात्र टाळू नका.

याबाबतीत मी एकदा फसलो आहे. ‘शेतातून थेट’ म्हणवणाऱ्या एका मंडळींकडे मी पावसाळ्याचे पैसे भरले होते. आषाढात त्यांच्या पिशवीत एकसारखे फ्लॉवर, मटार आणि धुतलेली गाजरं आली. या जिल्ह्यात ऐन आषाढात मटार कुठल्या शेतात असतो? माल घाऊक बाजारातून उचललेला होता. शेतावर येतो म्हटलं की दर वेळी रस्ता खराब असायचा. तेव्हापासून टोपलीत काय आलं यापेक्षा त्या महिन्यात जे यायलाच नको ते आलं का, हे मी आधी पाहतो.

तुमच्या घराला हे जमेल का, हे शेवटी स्वयंपाकघरावर ठरतं. माणसं दोनच असतील, किंवा दोघंही रात्री नऊच्या लोकलने घरी येत असाल, तर पाच किलो भाजी निवडणं हे ओझं होईल आणि गुरुवारी ती कचऱ्यात जाईल. अशा वेळी शेजारच्या घराबरोबर एक वाटा अर्धा-अर्धा घ्या, आमच्या इमारतीत तीन जोड्या तसं करतात. घरात कुणाला पालेभाजी मुळीच चालत नसेल तर आधीच सांगा. काही गट टोपलीशेजारी एक रिकामा क्रेट ठेवतात. नको असलेली जुडी त्यात टाकायची आणि दुसऱ्याने टाकलेली उचलायची. सुट्टीत किंवा लग्नाला गावी गेलात तर त्या आठवड्याचा वाटा कुणी घ्यायचा हेही आधी ठरवून ठेवा, कारण इथे तुमचाही खाडा धरला जात नाही.

तुमच्या फलकावरच्या गटाबद्दल आणखी माहिती हवी असेल तर मुरबाडच्या तालुका कृषी कार्यालयात ‘आत्मा’ योजनेखालच्या शेतकरी गटांची चौकशी करता येते. मला एक चिंता आहे ती त्या गटाची नाही, त्याच्या जमिनीची. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तो शहापूरमधून भिवंडीकडे उतरतो. त्याच्या आजूबाजूला आणि मुरबाड रस्त्याला फार्म-हाऊसच्या प्लॉटचे फलक भाताच्या खाचरांतच उभे आहेत. ज्या शेतकऱ्याला दसऱ्याला चाळीस घरांचे पैसे मिळतात, तो दलालाला आणखी एक वर्ष थांब म्हणू शकतो. म्हणून जमीन त्याची स्वतःची आहे की खंडाने घेतलेली, हेही विचारा. खंडाची असेल तर करार किती वर्षांचा आहे ते पाहा.

आणि पैसे भरण्याआधीच्या एखाद्या रविवारी कल्याणच्या स्टँडवरून मुरबाडची एसटी पकडा. तासाभराचा रस्ता आहे. तेव्हा हळवं भात कापणीला आलेलं असेल आणि एखाद्या कोपऱ्यात मुळ्याच्या वाफ्याची तयारी चालू असेल. सासूबाईंना बरोबर न्या. इतकी वर्षं भाजी पारखलेली नजर आहे त्यांची, शेणखताचा ढीग आहे की युरियाच्या रिकाम्या गोण्या, हे त्यांना बांधावरूनच दिसेल. त्यांचा प्रश्न त्यांनाच तिथे विचारू द्या. मी चार पानं लिहिली, वाफ्यात उभा असलेला माणूस त्याचं उत्तर चार वाक्यांत देईल.